आधी बाहुलीचा नंबर

रोज रोज तापलेला स्ट्रेटनर फिरवून मावशीच्या कुरळ्या केसांची पार केरसुणी झाली होती, तरी स्वतःच्या लग्नाच्या सकाळी बाईसाहेब पुन्हा तोच घेऊन आरशासमोर! पाच वर्षांची भाची हटून बसली, "आधी माझ्या बाहुलीचे!"

मावशीने एकदाच फिरवला मात्र, चर्र झालं आणि बाहुली टकली! तिने झटकन प्लग काढला, केस नुसते ओले केले आणि कुरळा झुबका मिरवत लग्नाला उभी राहिली.

तेवढ्यात भाची बाहुली नाचवत नवरदेवाकडे धावली. "काका, आज मावशी अश्शी दिसणार होती!"

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरदेवाने बाहुली निरखली आणि स्वतःच्या चकचकीत टकलावरून हात फिरवला. "अरेरे! काय जोडी शोभली असती!"