एकमताने

भाऊ केतकरांनी ठरावांचं पुस्तक उघडलं, टाक शाईत बुडवला आणि वर न बघताच म्हणाले,

"ओक, जरा चहा सांगून ये."

सुधीर ओक बाकावरून उठला नाही.

डोंबिवलीतल्या या शाळेच्या मंडळावर सात जण होते आणि शाळा निघाल्यापासूनच्या अकरा वर्षांत प्रत्येक ठराव एकमताने झाला होता. रीत साधी होती. ज्याचा विरोध असेल त्याने मतं घ्यायच्या आधी स्टेशनाजवळच्या हॉटेलात चहा सांगायला जायचं. तो परतेपर्यंत उरलेल्यांचं एकमत झालेलं असे. खजिनदार तत्त्वाचे इतके पक्के होते, की हॉटेलवाला त्यांना घरचंच माणूस समजू लागला होता. यंदा शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून सुधीर मंडळावर आला, तेव्हा त्याला नियमावलीच्या आधी हॉटेल दाखवण्यात आलं.

आजचा प्रश्न मालनबाई उबाळ्यांच्या ओठांचा होता. मालनबाई शिवण शिकवत. ख्रिस्ती, विधवा, पदरात दोन मुली. सकाळच्या सरस्वतीवंदनेला त्या हात जोडून उभ्या राहत, पण त्यांचे ओठ हलत नसत. एका पालकाने हे लेखी कळवलं आणि मागच्या बैठकीत मंडळ पावणेदोन तास त्यावर बसलं. उभं राहणं हीच प्रार्थना, असं एकाने मांडलं. मग भिंतही रोज प्रार्थनाच करते, असं दुसऱ्याने दाखवून दिलं. मुक्या माणसाचं काय, असा मुद्दा निघाला, तेव्हा एखादा मुका बोलावून त्याचं मत घ्यावं अशी सूचना आली. शेवटी बाईंनी आवाज न करता नुसते ओठ हलवावेत यावर सगळे आले. तसं विचारल्यावर बाईंनी एवढंच म्हटलं, की खोटं कसं करू. आता त्यांना काढण्याचा ठराव होता.

सुधीर एरवी अशा वेळी गालात हसला असता. पण व्याख्यानमालेसाठी तो मालनबाईंच्याच वडिलांच्या संग्रहातलं ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक वाचत होता. सोळाशे वर्षांपूर्वी रोमच्या बादशहाने निकाया गावी तीनेकशे बिशप जमवले. प्रश्न असा, की येशू हा पुत्र देवपित्याच्याच तत्त्वाचा, की पित्याने निर्माण केलेला? आठवडेच्या आठवडे काथ्याकूट झाला. मग एक मजकूर ठरला आणि बादशहाने कळवलं, सही करा, नाहीतर हद्दपार व्हा. बाकी सगळ्यांनी सही केली, दोघांनी केली नाही. काल शाळा सुटल्यावर सुधीरने बाईंना हे मोठ्या रंगात येऊन सांगितलं आणि त्याच भरात बोलून गेला, की उद्या मी चहा सांगायला जाणार नाही.

बाईंनी दोरा दातांनी तोडला.

"त्या दोघांना बायकामुलं होती का हो, सर?"

त्याने पुस्तक चाळून पाहिलं. तसं काही दिलेलं नव्हतं.

"ओक, चहाचं ऐकू आलं ना?" भाऊंनी विचारलं.

"मी इथेच बसतो, भाऊ."

कोणी रागावलं नाही. पंगतीत एक पान कमी पडावं तसे सगळे अवघडले. ठरावाच्या पुस्तकात विरोध लिहायला जागाच आखलेली नव्हती.

"अरे, तुझ्यावर कोणाचा राग नाही," भाऊ समजुतीने म्हणाले. "जूनमध्ये तुला कायम करायचंय. तेही एकमतानेच करू."

सुधीरने बाकाची कड घट्ट धरली.

"बसतो," तो म्हणाला.

भाऊंनी शाई टिपली, पुस्तक मिटून काखेत मारलं.

"मग चहाला आपणच जाऊ."

सहाही जण उठले. आधी तुम्ही, आधी तुम्ही, असं करत दाराबाहेर गेले आणि चपला पायात सरकवून चालू लागले. खजिनदार मात्र क्षणभर परत आत आले. सुधीरच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हळूच सांगितलं, की कोरम हॉटेलातही भरतो. मग तेही गेले.

खोलीत सुधीर आणि सहा रिकाम्या जागा उरल्या. आपण जिंकलो की हरलो, हे विचारायलाही कोणी नव्हतं.

मालनबाई व्हरांड्यात खिडकीपाशी उभ्या होत्या. सगळं त्यांच्या कानावर गेलं असणार. त्या दारात आल्या. हातात मुलींची दप्तरं होती.

"वहिनींचे दिवस भरत आलेत ना, सर?"

सुधीरने मान हलवली.

"अजून कोपऱ्यापर्यंतच पोचले असतील," बाई म्हणाल्या. "भरभर गेलात तर गाठाल. चहा तुम्हीच सांगा."

बाई दारातून बाजूला सरकल्या, वाट मोकळी करून दिली आणि आवाराकडे बघत उभ्या राहिल्या.

सुधीर उठला. बाहेर येऊन चपला शोधू लागला. दाराशी आता एकच जोड उरला होता, तरी तो सापडायला त्याला बराच वेळ लागला.