सोजराबाईने मागे ठेवलेली भट्टी

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. या, जवळ या, चटका बसणार नाही. माझ्या पोटात विस्तव होता तेव्हा लोक हातभर लांब उभे राहत. आता गुरांना घालायच्या सरकीच्या ढेपेची पोती मला खेटून रचलेली असतात आणि मीच अंग चोरून बसते.

माझा जन्म जळगाव जामोदच्या जुन्या मोटारस्टँडसमोर झाला. महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात सोजराबाईचे यजमान उकंडराव वारले. रडणे आवरून तिने पदर खोचला. पांढरी माती, गव्हाचा भुसा आणि घोड्याची लीद पायांनी तुडवून तिने मला स्वतःच्या हातांनी घडवले आणि हॉटेल काढले. माझे तोंड तिने मुद्दाम रस्त्याकडे ठेवले. उतारूला आधी जाळ दिसावा, मग वास यावा, असे तिचे म्हणणे. ते खरे ठरले.

शेजारचा हैदरभाई सातपुड्याकडून आलेली लाकडे फोडायचा आणि चहाही तोच करायचा. खामगावची गाडी नाल्याच्या वळणावर आली की ड्रायव्हर तुळशीराम लांबलचक हॉर्न द्यायचा. तो ऐकला रे ऐकला की सोजराबाई आलूबोंड्यांचा घाणा कढईत सोडायची. गाडी दारात थांबून धूळ खाली बसेपर्यंत लालसर बोंडे परातीत पडलेले असत. वर वाटीभर गरम कढी.

"बाई, तुमाले कसं समजते आमी येऊन राह्यलो ते?" उतारू बोटे चाटत विचारायचे. ती नुसती हसायची. हात तिचा होता, पण जाळ माझा होता. मीही मनातल्या मनात फुगून जायची.

पुढे गाव वाढले, गाड्या वाढल्या. दोन गाड्या समोरासमोर आल्या की बैलगाड्यांसकट सगळा रस्ता अडायचा. म्हणून गावाबाहेर नवा स्टँड बांधला. आता यात चूक कुणाची म्हणायची? राग धरायला माणूसच सापडेना, याचे मला जास्त लागले.

तिथे सोजराबाईला जागा मिळत होती. पण लाकडाची भट्टी चालणार नाही, स्टोव्ह ठेवावा लागेल, असे सांगण्यात आले.

"बाई, चला," हैदरभाई म्हणाला. "जागा भेटून राह्यली तं घेऊन टाका. चव तुमच्या हाताले हाय, भट्टीले नाही."

"अन् हिले कुठी टाकू?" सोजराबाईने माझ्यावर हात ठेवला. "ज्याले खायाचं हाय, तो येईन चालत."

मित्रांनो, खरे सांगते, त्या दिवशी मला फार आनंद झाला. माझ्यासाठी कुणीतरी थांबले होते!

सुरुवातीला काही जुने लोक आलेही. पण गाडी सुटायच्या आत एवढ्या लांब कोण येणार आणि परत जाणार? नव्या स्टँडवर दुसरी हॉटेले निघाली. आमच्या दारातली बाकडी रिकामी पडू लागली.

गाडी मात्र अजूनही त्याच वळणावरून नव्या स्टँडकडे जायची आणि तुळशीराम अजूनही हॉर्न द्यायचा. बाईला राम राम म्हणून, मायेने. इकडे हॉर्न कानी पडला की सोजराबाईचा हात आपोआप चालायचा. घाणा तळून निघायचा, दारात कुणी नसायचे. बोंडे गार व्हायचे, मऊ पडायचे आणि संध्याकाळी हैदरभाईच्या बकऱ्यांपुढे जायचे. "उद्या नाही सोडत," असे ती म्हणायची. दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजायचा आणि ती पुन्हा सोडायची. बेसन संपत चालले होते, तेल संपत चालले होते आणि तिचे अंगही निम्मे झाले होते. माझा आनंद केव्हाच विरून गेला. मला वाटे, आपण पेटूच नये. पण भट्टीच्या मनाला कोण विचारतो? जाळ घातला की जळायचे.

एका दुपारी गाडी दुरुस्तीला अडकली म्हणून तुळशीराम चालत हॉटेलात आला. परातीतला ढीग पाहून म्हणाला, "कोनाची पंगत हाय काय, बाई?"

सोजराबाईने जळते लाकूड मागे ओढले. हैदरभाईच म्हणाला, "पंगत कायची, ड्रायव्हरसाहेब? तुमी हॉर्न देता अन् बाई घाणा सोडते. रोजचंच हाय."

तुळशीराम बाकड्यावर बसला. एक गार बोंडा उचलून त्याने तो सगळा खाल्ला. "मी तं राम राम घालत होतो, बाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वळणावर गाडीची घरघर आली. सोजराबाई पिठात बुडवलेला बोंडा हातात धरून उभी राहिली. हॉर्न आला नाही. घरघर लांब गेली आणि ऐकू येईनाशी झाली. पीठ तिच्या बोटांवरून मनगटावर ओघळत होते. मग ती माझ्यासमोर बसली आणि पोटभर रडली. जा बाई, मला ओरडून सांगावेसे वाटत होते, मातीसाठी जीव जाळू नकोस.

बऱ्याच वेळाने ती उठली. "हैदरभाई, कढई उतरवा."

"हिले फोडू काय? जागा मोकळी होईन."

"नाही. माह्याच हातची हाय, फोडवत नाही," ती म्हणाली. तिने तांब्याभर पाणी माझ्यावर ओतले. मी फुसफुसले आणि गप्प झाले.

आता ती नव्या स्टँडवर असते. हैदरभाई कधीमधी ढेप न्यायला इथे येतो, तेव्हा ही जागा भाड्याने घेतलेल्या ढेपवाल्याशी बोलताना मी ऐकते. धंदा बरा आहे म्हणतो. पण बाई पहिल्यासारखी हसत नाही, हेही म्हणतो. तिथे सगळे घाईत. हातात कागद धरून उभ्या उभ्या खातात आणि पळतात. तिच्याशी बोलायला कुणी थांबत नाही.

मित्रांनो, तुम्ही दयाळू आहात. पोती बाजूला सारून मला पुन्हा पेटवावे, असे तुमच्या मनात येईल. तसे करू नका. मी मातीची आहे, मातीत मिसळेन, त्याचे एवढे काही नाही. पण कधी नव्या स्टँडवर उतरलात, तर स्टोव्हजवळच्या त्या म्हातारीला विचारा, "बाई, आधी तुमचं हॉटेल कुठी होतं?" ती सांगू लागली की मध्येच उठू नका. गाडी चुकली तर चुकू द्या.