तोंड पाहिल्याशिवाय सही नाही

आमच्या कांतीलालनं अमेरिकेहून लिहिलं की हल्ली तो बटाटे उकडून मीठ लावून खातो, आणि त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. आम्ही जैन. ज्या पोरानं जन्मात जमिनीखालचं काही ताटात येऊ दिलं नाही, त्यानं बटाटा खावा? आज बटाटा खाल्ला, उद्या अंडं खाईल, परवा काय खाईल ते मी इथं लिहीत नाही.

तो तिकडे कापडाच्या रंगांचं शास्त्र शिकायला गेला होता. धुळ्यात आमचं कापडाचं दुकान, म्हणून म्हटलं शिकू दे. दोन वर्षं झाली होती, अजून दोन राहिली होती. त्याची बायको चंद्रकांता, जामनेरची पोर, आमच्यापाशीच होती. आमच्या मारवाडी बोलीत सुनेला बींदणी म्हणतात आणि सासूला बाईजी. बींदणी दिवसभर कामं करायची आणि पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं टाकून दाराच्या फटीला डोळा लावायची. मला वाटे, दिसत नाही मला? मला सगळं दिसतं.

मी शेटजींना, म्हणजे आमच्या मालकांना, सांगून टाकलं, "हिला तिकडे पाठवायचं."

"एकटीला? बोटीनं?"

"मग तुम्ही जाता का त्याच्या पोळ्या लाटायला?"

शेटजी कागदांच्या चौकशीला लागले. ते शहाणे आहेत.

कांतीलालच्या कॉलेजनं बायकोला आणण्यासाठी कागद दिला होता, पण तो उन्हाळ्यापर्यंतच चालणार होता. तेवढ्यात इकडचे दोन कागद व्हायला हवे होते. शेटजींनी मला समजावलं, पासपोर्ट म्हणजे आपल्या सरकारनं दिलेली जायची परवानगी, आणि व्हिसा म्हणजे त्यांच्या सरकारनं दिलेली यायची. पासपोर्ट असला तरच मुंबईचा अमेरिकन साहेब व्हिसाचं बोलणार. मी म्हटलं, म्हणजे दोन दारं आणि दोन किल्ल्या. काढा दोन्ही.

पहिल्याच किल्लीला फोटो लागत होता.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. बींदणी येऊन चार वर्षं झाली, पण कांतीलाल सोडला तर धुळ्यातल्या एकाही पुरुषानं तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. सासऱ्यासमोर घुंघट, चुलतसासऱ्यासमोर घुंघट, साधू उतरतात त्या स्थानकात महाराजांच्या दर्शनाला जाताना छकड्याला पडदा. ताप आला तेव्हा डॉक्टरांनी पडद्यातून बाहेर आलेल्या हाताची नाडी पाहिली. हे मी साऱ्या गल्लीला ऐकवत असे. का नाही ऐकवायचं? शेजारच्या पुष्पाबाईची सून अर्धं डोकं झाकून भाजी घ्यायला बाजारात जाई. तिला मी एकदा चार बायकांत म्हटलं होतं, "पुष्पाबाई, तुमच्या सुनेला आता आग्रा रोडवरचे टांग्याचे घोडेसुद्धा ओळखतात."

फोटो काढायला झुलाल फोटोवाल्याला घरीच बोलावलं. त्यानं अंगणात तीन पायांचा डबा उभा केला. मी बींदणीला खुर्चीवर बसवलं, घुंघट नाकापर्यंत ओढून दिला. झुलाल डोक्यावर काळं फडकं घेऊन आत शिरला आणि तसाच बाहेर आला.

"अक्का, आठे तर बठ्ठं लुगडंच शे! तोंड कोठे शे?"

"आहे आत. तू काढ."

त्यानं काढला. शेटजी तो घेऊन कचेरीत गेले. तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं फोटो उजेडात धरला, आडवा केला, उभा केला, आणि म्हणाला, "शेटजी, कापड उत्तम आहे. दुकानातलंच का?"

शेटजी घरी आले ते हसतच. मला मुळीच हसू आलं नाही. झुलालला पुन्हा बोलावलं. या वेळी घुंघट वर करावा लागला, पण मी झुलालला बजावलं की फडक्यातून डोकं बाहेर काढायचं नाही आणि काम झालं की पाठ फिरवून निघून जायचं. त्यानं जाताना मला एक गोष्ट सांगितली, त्या डब्याच्या काचेत माणूस उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर. म्हणजे त्यानं बींदणीला सरळ पाहिलंच नाही. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

फोटो छान आला, कारकुनालाही पसंत पडला. आता फक्त एक सही हवी होती. फोटोच्या मागे कोणीतरी मोठ्या माणसानं लिहून द्यायचं होतं, की मी हिला जातीनं ओळखतो आणि हा फोटो हिचाच आहे. मोठा माणूस म्हणजे मॅजिस्ट्रेट, आमदार, मोठा डॉक्टर असा कोणी.

शेटजी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "मनगटाचा फोटो असता तर डोळे मिटून सही केली असती."

आमदारांकडे गेले. ते पाच वेळा आमच्याकडे जेवून गेलेले. म्हणाले, "सूनबाईंच्या हातची कढी हजारांत ओळखीन. पण तोंड मी पाहिलेलं नाही, शेटजी, आणि तुमच्या घरातल्यांनीच ते मला अभिमानानं सांगितलंय."

मी सांगितलं होतं. जेवताना, दाराआडून.

ही बातमी गल्लीत कोणी पोचवली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर पापड घालत होते तर पुष्पाबाई तिच्या गच्चीवरून म्हणते, "राजकुंवरबाई, तुमच्या सुनेला कोणी ओळखत नाही म्हणे. माझ्या सुनेला तर टांग्याचे घोडे ओळखतात. सही हवी असेल तर घोड्यांना विचारू का?"

मी पापड उलटत राहिले. एवढं चांगलं बोलणं पुष्पाबाईला सुचेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या दिवशी बींदणी जेवली नाही. पोट दुखतं म्हणाली. पोट दुखायला लागलं की माणूस पोट धरतं, ही कॉलेजचा कागद धरून बसली होती. मी मनात म्हटलं, आता हे आपल्यालाच करायला हवं.

राहता राहिले माझे जेठजी, शेटजींचे थोरले भाऊ. गाव त्यांना चंपालालजी म्हणतं. मी नाव घेत नाही, इथं लिहिण्यापुरतं घेतलं. ते मानद मॅजिस्ट्रेट होते आणि त्यांच्या खरेपणाची एवढी ख्याती की भांडणारे दोघंही त्यांच्याकडे निकालाला जात. शेटजींनी त्यांच्याकडे फोटोची एक प्रत पाठवून बरेच दिवस झाले होते. सही काही येत नव्हती. शेटजी स्वतः मालासाठी जळगावला गेलेले. मी निरोप धाडला, एकदा येऊन जावं.

जेठजी आले. पगडी काढून गादीवर शेजारी ठेवली. मी आणि बींदणी आतल्या दाराआड, दोघींचे घुंघट छातीपर्यंत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून जेठजींशी एक शब्द बोलले नव्हते, की त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं. मध्ये बोलणारं माणूस नसलं तर आमच्यात भिंतीशी बोलतात. ऐकणारा ऐकतो आणि तोही भिंतीलाच उत्तर देतो. याला कोणी हसू नये. भिंत चुगली करत नाही, एवढं तरी आहे.

मी म्हटलं, "भिंतीबाई, विचारा, चहा घेणार की दूध?"

जेठजी समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाले, "भिंतीला सांगा, दूध. साखर कमी."

"भिंतीबाई, विचारा, सही का होत नाही?"

"भिंतीला सांगा, मी रोज सामायिकाच्या ध्यानाला बसतो. न पाहिलेल्या माणसाला पाहिलं असं लिहून कसं देऊ?"

"मग फोटो तरी पाहिला का?"

"छे! तोही आजवर घरी उलटाच ठेवला होता. घरच्या सुनेचा फोटो बघायचा म्हणजे तोंडच बघायचं. वर पुस्तक ठेवलं होतं."

"पुस्तक कशाला?"

"वाऱ्यानं उलटू नये म्हणून."

बींदणीचे खांदे हलले. मला वाटलं रडतेय. जवळून पाहिलं तर हसत होती. मी तिला चिमटा काढला, पण हळू.

मग मी भिंतीला नीटच बजावलं. "भिंतीबाई, सांगा. हा फोटो झुलाल फोटोवाल्यानं पाहिला. कचेरीतल्या कारकुनानं पाहिला. उद्या मुंबईचा गोरा साहेब पाहील, बोटीवरचा खलाशी पाहील, तिकडे उतरल्यावर सारी अमेरिका पाहील. फक्त ज्यांच्या सहीवर हे सगळे पाहणार, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीच पाहायचं नाही? ही कुठली रीत? आणि पोरगा तिकडे बटाटे खातोय, हेही सांगा."

जेठजींनी दुधाचा पेला खाली ठेवला. "बटाटे? कांतीलाल?"

"उकडून."

त्यांनी शेजारची पगडी उचलली, पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "भिंतीला एक विचारायचंय. तोंड झाका, असं मी कधी म्हटलं होतं का?"

मी चमकले. "नव्हतं म्हटलं. सासूबाईंनी म्हटलं होतं."

"आई जाऊन किती वर्षं झाली?"

"पण भिंतीबाई, सांगा, उघडा असंही इतक्या वर्षांत कोणी म्हटलं नाही!"

"मला कोणी विचारलं नाही. मी आपला दर वेळी या घरात शिरताना खोकतो. आता तर खोकल्याची सवय लागलीय. डॉक्टर औषध देतात."

मी बींदणीचं मनगट धरलं आणि तिला उंबऱ्याबाहेर ओढलं.

"वर कर."

"बाईजी?"

"वर कर म्हणते ना. लवकर कर, नाहीतर माझंच मन फिरेल."

तिनं दोन्ही हातांनी घुंघट वर केला. तिचे कान तांबडे झाले होते. जेठजींनी निघताना पाकिटात घालून आणलेला फोटो खिशातून काढला, सुलटा केला, चष्मा लावला. फोटो पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. कोर्टात साक्षीदाराला पाहतात तसं.

"आहे हीच. पण फोटोत रागावलेली दिसते."

बींदणी म्हणाली, "समोर बाईजी उभ्या होत्या."

तिचा आवाज जेठजींनी पहिल्यांदाच ऐकला. ते एवढे हसले की पगडी गादीवरून खाली गडगडली. मग तिथंच पाटावर फोटो ठेवून, दौत मागवून, त्यांनी झोकदार सही केली. शाईवर फुंकर घातली. म्हणाले, "आता खरं लिहिलं."

बींदणी त्यांच्या पाया पडली. मी उंबऱ्याआड तशीच उभी होते. मग मनात आलं, सुनेचं तोंड पाहिलं आणि सासू झाकलेलीच राहिली, तर लोक म्हणतील सासूतच काही खोट आहे. मी पुढे झाले आणि माझाही घुंघट वर केला.

जेठजींनी मला पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आणि मग सवयीनं भिंतीकडे वळून म्हणाले, "भिंतीला सांगा, लग्नात मला सांगितलं होतं की नवरी गोरी आहे."

मीही भिंतीलाच सांगितलं, "भिंतीबाई, सांगा, तेव्हा होते. यांच्या घरच्या चुलीनं काळी केली."

त्या सहीवर पासपोर्ट आला. निळ्या पुठ्ठ्याचा, आत बींदणीचा रागावलेला फोटो. मग देवीची लस टोचून घेतली, छातीचा फोटो काढला. तो फोटो मी पाहिला, त्यात नुसत्या बरगड्या. म्हटलं, याला कोणाची सही लागणार? नशीब, लागली नाही.

मग शेटजी, मी आणि ती मुंबईला गेलो. अमेरिकन साहेबाच्या कचेरीत गुळगुळीत फरशी आणि एवढी शांतता की माझे पैंजण ऐकू येत होते. आम्हा दोघांना बाकावर बसवलं. बींदणीला एकटीलाच आतल्या टेबलापाशी बोलावलं. शेजारी झगा घातलेली एक मुलगी उभी होती, ती साहेबाचं मराठीत सांगायची आणि हिचं इंग्रजीत. दार उघडं होतं. मी कान तिकडेच लावले.

उन्हाळा तोंडावर आला होता. साहेबानं नाही म्हटलं असतं तर कॉलेजचा कागद फुकट जाणार आणि पोरगी आणखी दोन वर्षं दाराच्या फटीला डोळा लावून बसणार, हे मला माहीत होतं. आणि ती तशी बसलेली आता मला बघवणार नव्हती. शेटजी माळ ओढत होते.

"तिकडे का जायचंय?" झगेवाल्या मुलीनं विचारलं.

मी बींदणीला कांतीलालच्या जेवणखाणाचं उत्तर पाठ करायला लावलं होतं. तिनं त्यातलं अक्षर काढलं नाही. मान वर करून म्हणाली, "माझे यजमान तिथं आहेत. मला त्यांच्याजवळ राहायचंय."

शेटजींची माळ थांबली. साहेबानं पासपोर्टातला फोटो पाहिला, हिला पाहिलं. काहीतरी बोलला. मुलगी म्हणाली, "साहेब विचारतात, अनोळखी देश, थंडी, बर्फ, ओळखीचं कोणी नाही. भीती नाही वाटणार?"

बींदणी म्हणाली, "मी चार वर्षं सासूजवळ काढलीत."

त्या मुलीनं ते इंग्रजीत सांगितलं असणार, कारण साहेब खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं हसला आणि दारातून माझ्याकडे बघून मान लववली. मीही लववली. मग त्यानं शिक्का उचलला आणि एवढ्या जोरानं मारला की शेटजी दचकले.

बाहेर आल्यावर बींदणी पासपोर्ट छातीशी धरून माझ्या मागे मागे चालत होती, आता बाईजी काय म्हणतात या धाकात. कोपऱ्यावर रसाचं दुकान होतं. तिथं तिला बसवलं आणि मोसंबीचा मोठा पेला मागवला. तिनं घोट घेतला आणि डोळे बारीक केले.

"आंबट आहे का?" मी विचारलं.

"थोडा आहे. चालेल, बाईजी."

"चालेल काय? अमेरिकेला निघालेल्या बाईनं आंबट रस का प्यायचा?" मी दुकानदाराला हाक मारली आणि पेला बदलून घेतला.