चोराची जागा

"चोर पायजेच कशाला पण?" रविराजनं फासा तळहातावर घोळवत विचारलं. "कुलूप आडवं आलं तर दिपालीचा मंत्र हाय. न्हायतर माझी कुऱ्हाड. पुढल्या शनवारपासनं राजकुमार येतोय वैद्य व्हायला. त्याला ती जागा देऊन टाकू."

माडीच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर स्वरूपा थबकली. ती जागा तिची होती.

खाली शेडात सासऱ्यांचे विजेवरचे चार माग खडखडत होते. त्यांच्या हादऱ्यानं वडगावातल्या त्या माडीवरच्या कपबशासुद्धा थरथरायच्या. तिथंच दर शनिवारी दुपारी तिचा धाकटा दीर मंथन आपल्या दोन दोस्तांना घेऊन गोष्टीचा खेळ मांडायचा. मंथन गोष्ट सांगायचा, गुहांची, राक्षसांची, खजिन्यांची. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन वीस बाजूंच्या फाशावर नशीब अजमावायचे. रविराज योद्धा, दिपाली जादूगारीण. लग्न होऊन संकेश्वराहून आलेली स्वरूपा एकदा चहा द्यायला वर गेली, आणि रिकाम्या जागी बसून चोर झाली ती झालीच. दिवसभर कुणाची सून, कुणाची वहिनी असलेली बाई इथं भिंती चढायची, कुलपं उघडायची, आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. मग तिला लेक झाली, राणी. आठ महिने तो चोर गोष्टीतल्या कुठल्याशा धर्मशाळेत झोपून होता.

आज राणी मागांशेजारच्या खोलीत पाळण्यात झोपली, तशी वर येण्याआधी ती सासूपाशी घुटमळली होती. "आत्ती, अर्धा तास वर जाऊन येऊ?"

बायाक्का मागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या. "चोराचं सोंग घ्यायला व्हय? जा जा. घरातच चोर असल्यावर भायेरचा कशाला यील?"

"या की वैनी!" दिपाली तिला बघून सरकली. रविराज ओशाळला.

"तुमास्नी न्हाय वो म्हटलं. चोराला म्हटलं."

"एकच झालं की," स्वरूपा हसली. बसली मात्र चवड्यांवरच, एक कान खाली ठेवून.

साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिच्या चोराची सगळी माहिती लिहिलेली होती. मंथननं तो पुठ्ठा वहीतून काढून तिच्यापुढं ठेवला. एक कोपरा उंदरानं कुरतडला होता.

मंथन सांगू लागला. डोंगराच्या पोटात भट्टी. पाण्याच्या चाकावर बारा घण एकसारखे आपटताहेत. भट्टीपाशी राखणदार राक्षस झोपलाय आणि किल्ली त्याच्या उशाखाली.

"सोपं हाय," रविराज म्हणाला. "आधी ते चाक बंद पाडू. त्यो जरा हलला तर ऐकू तरी यील."

"वर मी शांततेचा मंत्र टाकते," दिपाली म्हणाली.

"थांबा!" स्वरूपा एवढ्या जोरात बोलली की तिची तीच दचकली. "घण थांबवू नका. उठंल त्यो."

"आवाज थांबल्यावर उठंल? उलटंच बोलताय वैनी," रविराज म्हणाला.

"त्या आवाजातच झोपलाय न्हवं त्यो? आमची राणी बघा. चार माग कानाशी खडखडत्यात, पोर गाढ. माग थांबले की डोळे टक्क."

मंथननं वही मिटली. तोही याच घरात वाढला होता. वहीत त्यानं तेच लिहिलं होतं: घण थांबले की राक्षस जागा. पण ते त्यानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

रविराजनं फासा तिच्याकडं सरकवला. "मग जाणार कसं?"

"दणक्याबरोबर पाऊल टाकायचं. दणका न्हाय तवा हलायचं न्हाय."

तिनं फासा उचलला. धुवायचं, पुसायचं किंवा भरवायचं नाही, असं काही कितीतरी दिवसांनी तिच्या हातात होतं. तिनं मूठ वर नेली, आणि वीज गेली.

चारही माग थांबले. शेजारचे थांबले, पलीकडच्या गल्लीतले थांबले. सगळं वडगाव एकदम मुकं झालं. फासा पुठ्ठ्यावर ठेवून ती उठलीसुद्धा. राणीचं रडं तिला निम्म्या जिन्यात भेटलं.

पोरीनं आईची दोन बोटं मुठीत गच्च धरली. स्वरूपानं दुसऱ्या हातानं टोपलीतली रिकामी कांडी घेतली आणि पाळण्याच्या लाकडावर मागाच्या चालीनं वाजवायला लागली. खट-खटाक, खट-खटाक. रडं अडखळलं. पण एका कांडीचे चार माग कुठं होतात? ओठ पुन्हा वाकडे झाले.

तेवढ्यात डोक्यावर दणका बसला. मग दुसरा. रविराजची टाच असणार. पाठोपाठ दिपालीचे तळहात, मंथनच्या मुठी. सगळी माडी त्याच चालीत वाजू लागली.

"काय धिंगाणा लावलाय रं!" बायाक्का वर बघून ओरडल्या.

"असू द्या आत्ती," ती कुजबुजली. "घण चालू ठेवल्यात."

"वैनी, सावकाश या!" जिन्यावरून रविराजचा आवाज आला. "फासा हाय तिथंच हाय. राजकुमारला स्टूल आणू आपण!"

राणीच्या पापण्या जड होऊन मिटल्या. मूठ मात्र तशीच होती. स्वरूपानं श्वास धरला. दणका आला, तिनं करंगळी जराशी ओढली. थांबली. पुढचा दणका आला, आणखी जराशी.

करंगळी सुटली. दुसरं बोट पोरीनं अजून धरून ठेवलं होतं.