निळ्या अंड्यांवर बसलेली

आमच्या घरच्या सूनबाईंनी एकदा देवापुढे हात जोडून नेम धरला होता. नवरा बोटीवरून परत येईपर्यंत या दारातला कुठलाच जोडा मोडायचा नाही, मग तो पाखरांचा का असेना. त्या नेमात मी सापडले. मी निळी अंडी घालणारी अरौकाना कोंबडी बोलतेय. बोलण्याची सवय नाही, तेव्हा मध्येच फडफडले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म पैदास करणाऱ्या एका बाईंच्या शेडमध्ये, दिव्याच्या उबेत झाला. आमच्या जातीला शेपूट नसतं. पाठ घाईत शिवलेल्या कपड्यासारखी मागे एकदम संपते. पण देवाने ती उणीव गालांवर भरून काढली आणि कानांशी दोन्हीकडे पिसांचे झोकदार झुपके दिले. माझ्याच पिंजऱ्यात तसाच एक झुपकेवाला कोंबडा होता. दाणा सापडला की तो स्वतः खायचा नाही. चोचीत उचलायचा, खाली ठेवायचा आणि कुक कुक करत मला बोलवायचा. मी तेवढ्यावरच भाळले. आता तुम्हीच सांगा, कोण भाळणार नाही?

एक दिवस सूनबाई आणि त्यांच्या सासूबाई तिथे आल्या. नवऱ्याने कुठल्याशा बंदरातल्या बाजारात निळी अंडी पाहिली होती आणि फोनवर त्यांचं फार कौतुक केलं होतं. तो येईल तेव्हा त्याच्या अंगणात निळ्या अंड्यांच्या कोंबड्या फिरताना दिसाव्यात, एवढीच सूनबाईंची हौस.

पैदासवाल्या बाईंनी सगळ्या जाती फिरून दाखवल्या. लेगबारच्या डोक्यावर तुरा असतो, आणि पिल्लू नर की मादी ते जन्मतःच कळतं. आमेरौकाना दाढीवाली, स्वभावाने गरीब. मिश्र जातीच्या घेतल्या तर अंडं निळं निघेल, हिरवं निघेल, तुमचं नशीब. अरौकानाचं मात्र अस्सल निळं. सूनबाईंची नजर माझ्यावरच खिळली होती. तेव्हा बाईंनी बजावलं, झुपकेवाला घ्यायचा तर सोबत साध्या गालांची कोंबडी घ्या. दोन्हीकडून झुपका आला की काही पिल्लं अंड्यातच मरतात.

त्यांनी कोंबडा उचलून बाजूला नेला. त्याने तिथूनही मला हाका मारायला सुरुवात केली आणि सूनबाईंचे डोळे भरून आले.

"दोघांनाही द्या," त्या म्हणाल्या.

"अहो, मी आत्ता काय सांगितलं?"

"ऐकलं मी. पण यांना तोडून घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

सासूबाई पुटपुटल्या, की आमच्या सुनेला कोंबड्यांचा संसार मांडायचाय, तुम्ही कशाला मध्ये पडता. आणि आम्ही दोघं एकाच टोपलीतून घरी आलो. मला तर आनंदच झाला होता.

घर साधंच. मागच्या भिंतीला टेकून आमचं खुराडं, समोर स्वयंपाकघराची खिडकी. मी पहिलं अंडं घातलं तेव्हा सूनबाईंनी ते ओंजळीत धरून आधी देवाला दाखवलं, मग फोनवर नवऱ्याला. मोसमाची पहिली अंडी सगळ्यात गडद असतात. त्या दिवशी त्या भांडी घासतानाही गुणगुणत होत्या.

पुढे मी खुडूक झाले. पेंढ्यात अंडी पोटाखाली घेतली आणि मनाशी म्हटलं, सगळी फुटल्याशिवाय उठायचं नाही. खुडूक कोंबडीचा तोही नेमच म्हणा ना. खाणं नावापुरतं, मातीतली आंघोळ नाही, नुसती ऊब द्यायची. काही पिल्लं निघाली. काही अंडी तशीच राहिली. सासूबाईंनी त्यातलं एक फोडून पाहिलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, डोळे मिटलेलं, गालांवर ओले झुपके. कवच आतूनही निळंच होतं. सूनबाईंनी ती अंडी झाडाखाली पुरली आणि संध्याकाळी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या खेपेलाही तेच. सासूबाईंनी कोंबड्याला वेगळं करायचं काढलं, तर सूनबाई म्हणाल्या, नेम आहे, पुढच्या खेपेला देव ऐकेल. त्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. बोटीवरचा मुक्काम पुन्हा वाढला होता. सूनबाईंनी भीत भीत नेमाचं सांगितलं तेव्हा तो हसला.

"अगं, माझं येणं कप्तानाच्या हातात आहे, कोंबड्याच्या नाही."

त्याला हसू आलं, यांना नाही. यांनी देवापुढचा वेळ वाढवला.

तिसऱ्या खेपेला पिल्लं निघाली, वाळली, आणि माझ्या पंखांखालून बाहेर पडून दाण्याकडे धावली. थंडी होती. ती चिवचिवत मला बोलवत राहिली, पण माझ्या पोटाखाली अजून अंडी होती. न फुटलेली. मी कशी उठणार? सूनबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनाही मला उठवणं जमेना. शेवटी सासूबाई गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. मी चोच मारली तरी त्यांनी हात आत घातला आणि गार पडलेली अंडी एकेक करून काढून घेतली.

"ऊठ गं बाई," त्या मला म्हणाल्या. "गेलेल्यांना किती ऊब देशील? जिवंत आहेत ती बाहेर गारठलीत."

मग सुनेकडे न बघताच, हळू आवाजात म्हणाल्या, "माझाही तोच एक मुलगा आहे. मला काय भीती वाटत नाही?"

 सूनबाईंनी पिल्लं माझ्या पंखांखाली सारली, हात धुतले आणि देवापुढे जाऊन बसल्या. खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं. "नेम मोडते. राग धरायचा तर माझ्यावर धर. त्याच्यावर नको."

मग अंगणात जाळी उभी राहिली. कोंबडा पलीकडे गेला, माझ्याकडे साध्या गालांचा एक नवा आला. त्याच्यापासून झालेली माझी पिल्लं अंड्यात मरत नाहीत. भरल्या पोटाने सांगावं असं सुख आहे हे, आणि मी ते सांगतेय. पण हा नवा दाणा आधी स्वतः गिळतो, मग मला हाक मारतो. पलीकडचा बरेच दिवस दाणा जाळीशी आणून ठेवायचा आणि मला बोलवायचा. मी इकडून बघायची. चिमण्या येऊन तो टिपून न्यायच्या. आताशा तो बोलवत नाही.

बोट अजून आलेली नाही. सूनबाईंना कधी वाटतं नेम मोडला म्हणून, कधी वाटतं तसं काही नसतं. तरी रोज सकाळी त्या माझ्या पिल्लांना दाणा टाकतात आणि फाटकाकडे बघतात. मी आता थकले. माझी अंडीही फिकी झालीत.

तुम्ही कधी निळ्या अंड्यांच्या कोंबड्या निवडायला गेलात, तर झुपके बघून खुशाल हरखून जा, पण त्यांच्या जोडीला साधे गालच घ्या. आणि माझ्यासारखी एखादी आधीच कुणाच्या हाकेत अडकलेली दिसली, तर सूनबाईंनी शेवटी केलं, ते तुम्ही पहिल्याच दिवशी करा. तिला त्याच्यापासून उचला. ती ओरडेल, तुमच्या हातावर चोच मारेल. तरी उचला.