रवा न लागणारं काडतूस

माझा नवरा डेल्बर्ट न्याहारीचा रवा चोरायचा. खायला नाही हो, काडतुसांत भरायला! दुकानातल्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिचा गळा आवळायचा, आत चिमटीभर दारू आणि वर माझा रवा ठासायचा, आणि नळीतलं काडतुसाचं घर स्वतः कापून वाढवलेल्या रायफलीत घालून बार काढायचा. पुंगळी फुगून त्या रायफलीच्या मापाची व्हायची, आणि गॅरेजभर करपल्या रव्याचा वास. सकाळी मी डबा उघडावा तर तळ दिसायचा. मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुरू.

आमच्या आयडाहोच्या या खोऱ्यात निम्म्या पुरुषांना हे वेड आहे. दुकानात मिळतं ते काडतूस यांच्या पसंतीला उतरेल तर शपथ. स्वतःचं हवं, आणि त्याला नावही स्वतःचं हवं. डेल्बर्टची तर सक्त ताकीद होती, "आर्डिस, माझ्या रायफलींत दुकानातलं काडतूस चुकूनही घालायचं नाही. तोंड फुटेल." ते खरंच होतं. ज्या घराला जे माप, तेच तिथे चालतं.

त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात त्याने माझ्यासाठी रायफल केली. माझा खांदा दुखरा, म्हणून धक्का कमी. काडतुसाला नाव दिलं 'पंचवीस आर्डिस'; पंचवीस हे गोळीचं माप, आर्डिस मी. मी वरवर म्हटलं, "एवढ्या वर्षांत दागिना नाही केलास, हे केलंस!" पण मनातून फुलले होते. एप्रिलमध्ये तो गेला. भरलेली काडतुसं मागे होती, दुकानाच्याच जुन्या डब्यांत. इथे सगळे तशीच ठेवतात.

दुसऱ्या वर्षीच्या शिकारीच्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी मी आणि धाकटा दीर रॉलिन डोंगरात गेलो. मी कपाटातला उरलेला शेवटचा डबा उचलून आणला होता. पिकअपच्या मागे बसून तो उघडला आणि पाहते तर काय! आत दुकानातली काडतुसं, जशीच्या तशी; गळ्याखालचे खांदे उतरते, डेल्बर्टच्या काडतुसांसारखे ताठ नव्हेत.

"रॉलिन! तुझ्या भावाने मला फसवलं रे!" मी ओरडले. "हा शेवटचा डबा, आणि यात नुसता कच्चा माल! आता या रायफलीची काय चूल पेटवू?"

खरं सांगते, हरणाचं मला काही नव्हतं. ही रायफल मुकी झाली की डेल्बर्टचं माझ्याशी बोलणंच संपणार होतं.

रॉलिनने कॉफीचा पेला खाली ठेवला. "शेवटचा डबा? नक्की?"

"नाहीतर काय, थट्टा करतेय?"

"मग आता सांगायला हरकत नाही. शेवटचा डबा उघडेपर्यंत बोलायचं नाही, असं त्याने बजावलं होतं. घाल त्यातलंच, आणि मार."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तोंड फुटेल माझं!"

"नाही फुटणार. ही एकच रायफल त्याने अशी कापली, की दुकानातलं हे काडतूस हिच्यात चालतं. बार झाला की पुंगळी तुझ्या मापाची होऊनच बाहेर येते. रवा नाही, काही नाही."

"मग मला का नाही बोलला मेला?"

"मीही तेच विचारलं. डॉक्टरांकडून आलो होतो आम्ही. म्हणाला, 'तिला सांगितलं तर ती म्हणेल, दुकानातून कशाला आणू, तू आहेस ना? मग मी काय उत्तर देऊ?'"

मग आठवलं. त्या हिवाळ्यात माझा रवा एकदाही कमी पडला नव्हता. मीच टोमणा मारला होता, "काय रे, आता चोरी करायचाही जोर राहिला नाही?" तो नुसता हसला होता.

दुपारी समोरच्या उतारावर हरीण आलं. डोळे पुसावे लागले, डेल्बर्टला दोन शिव्याही घातल्या. पण बार नीट झाला आणि हरीण जागीच बसलं. रायफलीचा बोल्ट मागे ओढला तशी रिकामी पुंगळी बर्फात पडली. मी आधी ती उचलली. गरम होती. बुडाला दुकानाचा शिक्का, आणि वर डेल्बर्टचे ते ताठ, कोरीव खांदे. पंचवीस आर्डिस! तो नसताना जन्मलेली पहिली. मुठीत घट्ट धरली आणि मोठ्याने म्हटलं, "उपकार झाले रे बाबा तुझे." रॉलिन हरणाकडे निघून गेला, बरं केलं त्याने.

पुढच्या शनिवारी मी गावातल्या दुकानात गेले. मालक हार्लन डेल्बर्टला चांगला ओळखायचा. मी डबा मागितला तसा तो चमकला.

"साधं काडतूस? डेल्बर्टच्या रायफलीला?"

"साधंच दे, हार्लन," मी म्हटलं. "पुढचं तो बघतो."