अंकुरबाबांचा चढता ठिपका

"चढला! ठिपका चढला!"

सभागृहातली दोन-अडीचशे माणसं एकदम उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात मातीनं भरलेला कागदी पेला, पेल्यात गव्हाचं एकच कोवळं रोप आणि त्याच्या पात्यावर शाईचा निळा ठिपका. काल अंकुरबाबांनी पात्याचं टोक कात्रीनं छाटलं होतं आणि अगदी खाली, पातं जिथून बाहेर डोकावतं तिथे, तो ठिपका दिला होता. आज तो दोन बोटं वर आला होता. छाटलेलं पातंही चांगलं लांब झालं होतं.

"टोक छाटलं म्हणजे रोगाची मान छाटली!" बाबा माईकवर गरजले. "ठिपका चढतो तसा रोग अंगातून वर चढून निघून जातो. चार बोटं चढला की गोळ्या फेकून द्या!"

वर चढून तो नेमका कुठून बाहेर पडतो, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी खिशातली पट्टी काढून ठिपका मोजत होतो.

आता लाज सोडून सांगतो. मी एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. गहू, बार्ली आणि त्यांचे रानटी भाऊबंद यांची पाती रोज किती वाढतात ते मोजायचं आणि तक्त्यात भरायचं, हे माझं काम. चौदा वर्षं हेच करतोय. त्या गर्दीत बाबांना हसण्याचा पहिला हक्क माझा होता. पण "एकोणतीस मिलिमीटर!" असं सगळ्यात मोठ्यानं ओरडलो तो मीच.

बाबांचे कान टवकारले. "आपण काय करता?"

"पानांच्या वाढीवर संशोधन," मी म्हणालो. संशोधन आमच्या मॅडम करतात, मी पट्टी धरतो. पण माईक समोर आला की माणसाचा हुद्दा आपोआप वाढतो.

"ऐका! खुद्द शास्त्रज्ञांनी मोजलंय!" बाबांनी माझा हात उंच धरला. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत ताई कौतुकानं माझ्याकडे बघत होती.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. कपडे शिवते. तिला पूर्वी फिट्स यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून सहा वर्षांत एकही आली नव्हती, पण त्या गोळ्यांनी तिला झोप यायची, हात जड व्हायचे. दुसऱ्या दिवशी तिच्या रोपाचा ठिपका चार बोटं चढला.

"तू मोजलंस ना? मग झालं," ती म्हणाली आणि गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काम करता करता ती खुर्चीवरून कोसळली. कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. सात टाके पडले.

"गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं. "मीच टाकल्या," ताई म्हणाली. तिनं माझं नाव घेतलं नाही. त्यापेक्षा तिनं मला चारचौघांत झोडपलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कामावर माझा चेहरा बघून आमच्या माळीणबाईंनी चौकशी केली. त्या आवारातलं लॉन कापत होत्या. मी सगळं सांगितलं.

"टोक छाटलं तरी वाढलं, हा चमत्कार?" त्यांनी यंत्र बंद केलं. "अहो, मग मी दर आठवड्याला हे लॉन कशाला कापते? गवत शेंड्याला वाढत असतं तर एकदा कापून सुटले असते की!"

मी सरळ आत गेलो आणि माझेच जुने तक्ते काढले. पातं नेमकं कुठे वाढतं हे शोधायला मॅडमनी आमच्याकडून पात्यांना सुईनं बारीक भोकं पाडून घेतली होती. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "बुडाजवळचं भोक २७ मिमी वर सरकलं." अशा अकराशे ओळी. वरच्या दोन भोकांमधलं अंतर मात्र जराही बदललेलं नव्हतं. म्हणजे मी अकराशे वेळा चमत्कार केला होता आणि तो तक्त्यात भरून घरी गेलो होतो.

त्याच दिवशी मी सहा रोपांना ठिपके दिले. तीन गव्हाची, दोन रानटी गवतांची, एक भिंतीकडेला उगवलेल्या गवताचं. एका ठिपक्याला तर बाबांना शिव्या घालत शाई लावली. दुसऱ्या दिवशी सगळे चढले. शिव्यांचा सगळ्यात जास्त चढला, कारण तो पेला उबदार खिडकीत होता.

मी ताईकडे माफी मागायला गेलो. तिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.

"माफीचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी मला तिथे घेऊन चल."

तिनं पदर कपाळावर ओढला आणि रांगेत उभी राहिली. "घरी बारा वर्षांचं जुनं दुखणं आहे, बाबा. सारखी खडखड. पाय हलवला की कण्हतं, दोरा घेतला की गिळतं."

"वात!" बाबा म्हणाले आणि टोक छाटलं.

दुसऱ्या दिवशी भर सभेत त्यांनी तिचा पेला उंचावला. "चढला! रोगी बरा झाला!"

"नाही झाला," ताईनं माईक हातात घेतला. "ते माझं शिलाई मशीन आहे हो. अजून दोरा गिळतंय."

सभागृह खदखदून हसलं. बाबा लाल झाले. "श्रद्धा कमी पडली!"

"कुणाची? मशीनची?"

मी माझे सहा पेले टेबलावर मांडले. "गहू असो की रस्त्याकडेचं गवत, पातं बुडाला वाढतं. खाली नवा भाग तयार होतो आणि जुना वर ढकलला जातो. ठिपका त्याच्याबरोबर जातो. कात्रीनं कापलं जातं ते आधीच वाढून झालेलं टोक. घरी जाऊन कुठल्याही गवतावर करून बघा, बाबा लागत नाहीत." मग घसा खाकरून म्हणालो, "आणि त्या दिवशी शास्त्रज्ञ म्हणून मिरवलो, तो मी शास्त्रज्ञ नाही. माझ्या मिरवण्यापायी हिच्या कपाळावर सात टाके पडलेत."

ताईनं पदर मागे सारला. आता कुणी हसत नव्हतं. काही लोक माझ्यावरच चिडून निघून गेले. बरेचजण मात्र टेबलाभोवती जमले आणि वाकून ठिपके बघू लागले. तेवढ्यात बाबा मागच्या दारानं पसार झाले.

एका बाईंनी माझा हात धरला. "आमच्या ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात. आजपासून पूर्वीसारख्याच देऊ ना?"

माझं तोंड उघडलं. सल्ला जिभेवर तयार होता. ताईनं कोपराला जोरात चिमटा काढला.

"मला नका विचारू," मी म्हणालो. "मला पान मोजता येतं, माणूस नाही. चला, डॉक्टरांकडे जाऊ." आणि आम्ही तिघं तसेच दवाखान्यात गेलो.

तुम्हालाही एवढंच सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर तो त्या माणसावाचूनही होतो का, हे एकदा स्वतः करून बघा. आणि गोळी बंद करायची झाली तर डॉक्टरांना विचारा. स्टेजवर कुणी पट्टी घेऊन उभा असला तरीही.